म्हस्के सरांचं सेमी

परवा आमच्या शाळेत नव्याने लागलेल्या एका सरांनी नववीच्या गणिताचं वार्षिक नियोजन माझ्या टेबलावर आणून ठेवलं. मोबाईलवरून उतरवलेलं, रंगीत प्रिंट काढलेलं, प्रत्येक पानावर शाळेचं नाव. मी विचारलं, "कधी केलंत?" ते म्हणाले, "आत्ताच मॅडम, चहा येईपर्यंत." त्यात त्यांचं काही चुकलं असं मला म्हणायचं नाही. पण ती पानं उलटताना मला म्हस्के सर आठवले, आणि मग दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

मी अमडापूरच्या शाळेत इंग्रजीची शिक्षिका म्हणून लागले तेव्हा म्हस्के सरांची तिथे सव्वीस-सत्तावीस वर्षं झाली होती. गणित शिकवायचे, मराठीतून. उंच, किंचित वाकलेले, पांढरा शर्ट, आणि शर्टाच्या खिशात खडूचे तुकडे. नवा खडू ते कधी अख्खा वापरत नसत. आधी मधोमध मोडायचे. "पुरा खडू किचाळते," म्हणायचे. त्यांच्या वर्गात एक शब्द बंद होता, 'सोपं'. कोणी पोरगं म्हणालं, "सर, हे सोपं आहे," तर सर त्याला उभं करायचे. "तुले आलं, चांगलं झालं. पण सोपं म्हणू नोको. तू सोपं म्हटलं की ज्याले आलं नाही त्याचं तोंड बंद होते."

घरची पाच एकर शेती होती, सोयाबीन-तुरीची. ते शाळेत पायी यायचे आणि वाटेत भेटेल त्याच्याशी बोलायचे, त्यामुळे दहा मिनिटांच्या वाटेला त्यांना अर्धा तास लागायचा. म्हणून ते घरून अर्धा तास आधीच निघायचे. बोलणं टाळून वेळ वाचवता येतो, हे त्यांच्या हिशेबात बसतच नव्हतं.

माझं दुसरं वर्ष चालू असताना शाळेने आठवीला एक तुकडी सेमी-इंग्रजीची काढायचं ठरवलं. म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. आजूबाजूची पोरं चिखलीला इंग्रजी शाळांच्या गाड्यांतून जायला लागली होती, आणि आमचे वर्ग रिकामे होत होते. विज्ञानाला एक तरुण सर मिळाले. गणिताला म्हस्के सरच होते.

हेडसरांनी मला खोलीत बोलावून विचारलं, "मॅडम, तुम्ही इंग्रजीच्या. खरं सांगा, म्हस्के सरांना जमेल?"

मी बुलढाण्यात वाढलेली, कॉलेज पुण्यात केलेलं. इंग्रजी बऱ्यापैकी बोलते म्हणून मनात थोडी घमेंड होती. मी म्हणाले, "अवघड आहे सर. त्यांचे उच्चार... मुलं हसतील."

बाहेर आले तर दाराशी म्हस्के सर उभे होते, हातात हजेरीपट. त्यांनी ऐकलं होतं, यात शंका नव्हती. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. ते वाट सोडून बाजूला झाले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते डबा घेऊन माझ्या समोर येऊन बसले. ज्वारीची भाकर आणि ठेचा काढला, अर्धी भाकर माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "मॅडम, तुमी काल खरं सांगतलं. खोटं सांगतलं असतं तर मले राग आला असता. आता तुमीच शिकवा."

"काय शिकवू सर?"

"इंग्रजी. बोलाचं नाही. गणितापुरतं." मग एक जाड रेघी वही काढून माझ्यापुढे ठेवली. रात्रभरात नाही, महिन्याभरात लिहिलेली असणार. सेमीची कुजबुज सुरू झाली तेव्हापासूनच ते कामाला लागले होते. आठवीचं इंग्रजी पुस्तक आणून त्यातली सगळी क्रियापदं त्यांनी वेगळी काढली होती. फाइंड, प्रूव्ह, ड्रॉ, शो, सॉल्व्ह, असं करत करत अकरा. "पाहा," ते म्हणाले, "अकराच निंगाले. अकरा क्रियापदावर अख्खं गणित उभं आहे. पुस्तक आपल्याले हुकूम देते, आपण पाळाचा. एवढं तर येईन ना मले?"

मी त्या वहीकडे बघत राहिले. चार वर्षं इंग्रजी शिकून मला हे कधी दिसलं नव्हतं.

त्या मे महिन्यात आम्ही रोज सकाळी शाळेच्या व्हरांड्यात बसत होतो. शाळा रिकामी, मैदानात शेळ्या, आणि ऊन चढायच्या आत काम संपवायचं. वहीला त्यांनी चार रकाने पाडले होते. पहिल्यात आकृती, दुसऱ्यात मराठी शब्द, तिसऱ्यात इंग्रजी शब्द, आणि चौथ्यात 'पोरं काय समजतीन'. हा चौथा रकाना त्यांचा स्वतःचा शोध. राइट अँगल, म्हणजे काटकोन, लिहिलं की चौथ्या रकान्यात, 'राइट म्हंजे उजवा. मग डावा कुठी आहे, इचारतीन.' मीन, म्हणजे सरासरी, लिहिलं की, 'नीच माणूस. हिंदी कमीना.' मला हसू आवरेना. ते मात्र गंभीर. "हसू नोका मॅडम. पोरगं मनातल्या मनात हे समजते आन् वर्षभर तसंच बसते."

एका गोष्टीचं त्यांना फार वाईट वाटायचं. मराठी शब्द उघडले की आत अर्थ सापडतो. समद्विभुज म्हटलं की दोन सारख्या भुजा डोळ्यांपुढे येतात. आयसोसेलीस म्हटलं की काहीच येत नाही. "बंद डब्बा आहे," ते म्हणायचे. म्हणून त्यांनी ठरवलं की आधी पोरांच्या हातात वस्तू द्यायची, मग मराठी नाव सांगायचं आणि शेवटी इंग्रजी. नियोजनात पहिले तीन आठवडे पुस्तकच नव्हतं. नुसत्या काड्या, दोरे, कागद आणि शब्द.

हेडसर ते पाहून हबकले. "म्हस्के सर, तीन आठवडे एकही धडा नाही? पोर्शन कधी पुरा होणार?"

"साहेब," सर म्हणाले, "वावरात पेरणीआधी नांगरटी करतो तेव्हा आपण म्हणतो का, का पेरणी मागं पडून राह्यली?"

हेडसरही शेतकरीच. त्यांनी सही केली.

जूनमध्ये वर्ग भरला. पहिल्याच आठवड्यात मी सांगितलेलं घडलं. सरांनी काटकोन त्रिकोण काढला, कर्णावर बोट ठेवलं आणि मोठ्याने म्हणाले, "हायपोटेनस." मागच्या बाकावरून एक हसू फुटलं. सानिया नावाची पोरगी, वडिलांची बदली झाली म्हणून इंग्रजी शाळेतून आलेली. तिच्या हसण्यामागोमाग सगळा वर्ग हसला. मी शेजारच्या वर्गात होते, भिंतीपलीकडून ऐकलं आणि शिकवायची थांबले.

मग सरांचा आवाज आला, नेहमीसारखाच. "काय वो सानिया, काय चुकलं?"

तिचा बारीक आवाज, "हायपॉटेन्यूज, सर."

"पुन्यांदा सांग."

तिने सांगितलं. सरांनी म्हटलं. जमलं नाही. परत म्हटलं. चौथ्या वेळी बरोबर आलं, तेव्हा ते म्हणाले, "आता सारे म्हणा." सगळा वर्ग म्हणाला. "आजपासून उच्चार सानिया सांगन आन् कारण मी सांगन. दोघाहीतलं जे चुकन त्याले पोरं हसतीन. मंजूर?"

त्या दिवसापासून नवा शब्द आला की सर खडू खाली ठेवून मागच्या बाकाकडे बघायचे, आणि सानिया उभी राहायची. हसणारी पोरगी वर्षभर शब्दकोश घेऊन फिरत होती, कारण आता चुकलं तर तिलाच हसणार होते.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. सप्टेंबरात घटक चाचणी झाली आणि सरांना पहिला खरा धक्का बसला.

रेणुका म्हणून एक मुलगी होती. जवळच्या खेड्यातून रोज एसटीने यायची. अबोल, पण गणितात सगळ्यांच्या पुढे. मागच्या वर्षी मराठीत असताना तिने फळ्यावरची सरांची चूक दाखवली होती, आणि सर ते कौतुकाने सगळ्या स्टाफला सांगत फिरले होते. या चाचणीत तिला वीसपैकी पाच गुण पडले.

सर स्टाफरूममध्ये तिचा पेपर घेऊन माझ्याकडे आले. प्रश्न शाब्दिक उदाहरणांचे होते. एका बागेत लिंबाची झाडं आंब्याच्या दुपटीपेक्षा पाचने कमी आहेत, एकूण झाडं चाळीस, तर आंब्याची किती? रेणुकाने व्यवस्थित समीकरण मांडलं होतं, पायरी पायरीने सोडवलं होतं आणि खाली उत्तर लिहून पट्टीने दोन रेघा मारल्या होत्या. आंब्याची झाडं, उणे पस्तीस.

"मॅडम, हे पाहा," सर म्हणाले. "चारही उदाहरणं चुकली आन् चारही सारखीच चुकली. म्हंजे ही पोरगी अंदाजानं नाही लिहून राह्यली. तिच्या डोक्यात काही तरी नेम आहे."

आम्ही दोघं प्रश्न पुन्हा पुन्हा वाचत होतो. मग मला दिसलं. इंग्रजीत 'फाइव्ह लेस दॅन ट्वाइस' असं होतं. रेणुकाने डावीकडून वाचलं आणि ज्या क्रमाने शब्द आले त्याच क्रमाने मांडलं. पाच, मग वजा, मग दुप्पट. मराठीत म्हणतो दुपटीपेक्षा पाच कमी. दुप्पट आधी येते, पाच मागून येतात, आणि लिहितानाही तसंच लिहितो. इंग्रजीत सगळं उलटं.

सर खुर्चीत बसले. मग म्हणाले, "मोठ्या मोठ्या शब्दाची यादी केली म्या. हायपॉटेन्यूज अन् काय काय. हे बारके शब्द सुटले. दॅन, ऑफ, बाय, ईच. पोरं तिथंच पडून राह्यले."

त्यांनी रेणुकाला बोलावलं. ती दारात उभी राहिली, मान खाली.

"बेटा, उणे पस्तीस झाडं असतेत का कुठी?"

तिने मानेनेच नाही म्हटलं.

"मंग लिवलं काऊन?"

ती इतकी हळू बोलली की मला पुढे झुकावं लागलं. "मले वाटलं, इंग्रजीत असतीन, सर."

सर तिला "जाय बेटा" म्हणाले, आणि ती गेल्यावर चष्मा काढून पुसत बसले. मी त्यांना इतकी वर्षं पाहिलं, पण असं कधी पाहिलं नव्हतं. मला म्हणाले, "तिचा इचार कराचा धंदाच बंद केला म्या, मॅडम. तिले वाटते, इंग्रजी आली का डोकं बाहेर ठिवा लागते."

प्रकरण एवढ्यावर थांबलं नाही. चाचणीत नापास झालेली बारा मुलं होती. वरून विचारणा झाली, आणि हेडसरांनी ठरवलं की या बाराजणांना दिवाळीनंतर मराठी तुकडीत हलवायचं. सेमीचा निकाल सांभाळायला हवा होता. यादीत रेणुकाचं नाव तिसरं होतं.

म्हस्के सर यादी वाचून सरळ हेडसरांच्या खोलीत गेले. मीही मागोमाग गेले, का ते मला आजही सांगता येणार नाही. ते कधी कोणाशी आवाज चढवून बोलत नसत, त्या दिवशीही चढवला नाही.

"साहेब, हे बारा पोरं चुकले नाहीत. नियोजन चुकलं. नियोजन माहं आहे. काढाचं असन तर मले काढा सेमीतून, मी मराठीत शिकवतो. पण पोराहीले खाली नोका पाठवू. आज खाली पाठवले तर ते आयुष्यभर समजतीन का आपल्याले अक्कल नाही."

"तुम्ही असं लिहून द्याल?" हेडसरांनी विचारलं. त्यांना वाटलं असेल, इथे माणूस मागे सरेल.

सरांनी तिथेच कागद मागून घेतला. अठ्ठावीस वर्षं ज्यांच्या गणितात कोणी चूक काढू शकलं नाही, त्या माणसाने स्वतःच्या अक्षरात लिहिलं की माझी योजना चुकलेली आहे, दुसऱ्या सत्रासाठी ती नव्याने करीन, आणि वार्षिक परीक्षेपर्यंत कोणालाही हलवू नये. खाली सही केली, मराठीत, पूर्ण नाव.

हेडसरांनी कागद वाचला, घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि यादी फाडली. पुढे तो कागद कधी बाहेर आला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुन्हा व्हरांड्यात बसलो. या वेळी वहीत आकृत्या नव्हत्या. नुसती वाक्यं होती. प्रत्येक शाब्दिक उदाहरण सर आधी मराठीत सांगायचे, मग मी तेच इंग्रजीत, आणि मग ते पेन्सिलने बाण काढायचे, कोणता शब्द कुठून कुठे गेला त्याचे. त्या बाणांनी पानं भरली. दुसऱ्या सत्रात त्यांनी वर्गाला एक नवी सवय लावली. उदाहरण वाचलं की लगेच सोडवायचं नाही. आधी डोळे मिटायचे आणि शेजाऱ्याला आपल्या भाषेत सांगायचं, काय दिसतं ते. बाग दिसली का? माणसं किती दिसली? कोणाकडे जास्त आहे? तपासणीला आलेल्या एका साहेबांनी दारातून पाहिलं, सगळा वर्ग डोळे मिटून बसलेला, आणि सर फळ्याला टेकून उभे. त्यांनी विचारलं, "प्रार्थना चालू आहे का?" सर म्हणाले, "नाही साहेब, गणित."

वार्षिक परीक्षेत रेणुका पहिली वगैरे आली नाही. सातवी आली. बारापैकी दोघांना शेवटी मराठी तुकडीत जावंच लागलं, आणि त्या दोघांची नावं सर पुढे कित्येक वर्षं घ्यायचे, जिंकलेल्या दहांची नाही. पण त्या पेपरातली एक गोष्ट सांगायला हवी. छापताना एका उदाहरणात आकडा चुकला होता. वर्गातल्या मुलींची संख्या साडेसतरा येत होती. बहुतेकांनी साडेसतरा लिहून पुढचा प्रश्न घेतला होता, सानियानेसुद्धा. रेणुकाने सगळं सोडवून खाली इंग्रजीत लिहिलं होतं की हे शक्य नाही, मुलगी अर्धी नसते, प्रश्न चुकला आहे. त्या इंग्रजीत व्याकरणाच्या दोन चुका होत्या. सरांनी पूर्ण गुण दिले आणि तो पेपर घेऊन स्टाफरूमभर फिरले. माझ्यापुढे धरला तेव्हा मी सवयीने म्हणाले, "सर, इथे 'अ' आर्टिकल राहिलंय." ते म्हणाले, "राहू द्या मॅडम. पोरगी परत आली."

त्यानंतर मी तिथे आणखी चार वर्षं होते. मग लग्न झालं आणि खामगावच्या शाळेत आले. सर निवृत्त झाले तेव्हा मला जायला जमलं नाही. फोन केला होता. "काई फरक नाही पडला," ते म्हणाले, "पह्यले पोराहीले समजवत होतो, आता बैलाहीले समजवून राह्यलो. बैल ऐकतेत."

गेल्या वर्षी जानेवारीत एका लग्नासाठी अमडापूरला गेले होते. मुहूर्ताला वेळ होता म्हणून सरांच्या घरी डोकावले. काकू अंगणात तूर पाखडत होत्या. मला ओळखून उठल्या, पाणी दिलं.

"सर कुठे आहेत?"

"ते कुठले घरी राह्यतेत! उर्दू शाळेत गेले असतीन. तिथं बी आता सेमी सुरू झालं म्हणे. त्या नसीम मॅडम आल्या होत्या बोलवाले. मदत करा म्हणल्या गणिताची. तर हे म्हणतेत, आधी मले उर्दू शिकवा, त्याबिगर पोरी कुठी अडतेत ते मले कसं समजन? आता रोज जाऊन बसतेत." मग हसून म्हणाल्या, "काल जेवताना मले सांगत होते, का आपल्या त्रिकोणाले सारखे हात असतेत, आन् उर्दूतल्या त्रिकोणाले सारखे पाय. म्या म्हटलं, जेवा आता."

शाळा दोन गल्ल्या सोडून होती. मी गेले. एका बैठ्या वर्गाची खिडकी उघडी होती. आत पुढे नसीम मॅडम उभ्या होत्या, विशी-पंचविशीतली मुलगी, माझ्याहून बरीच लहान. फळ्यावर त्रिकोण होता आणि त्याच्याभोवती उजवीकडून डावीकडे जाणारी अक्षरं. ओढण्या घेतलेल्या तीस-पस्तीस मुली माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. शेवटच्या बाकावर, गुडघे बाकात मावत नाहीत म्हणून आडवे बसलेले म्हस्के सर होते. केस आता पूर्ण पांढरे झाले होते. मान वाकडी करून ते फळ्यावरचं एक एक अक्षर उतरवून घेत होते, ओठ हलत होते.

मी हाक मारणार होते. तेवढ्यात ते कुठेतरी अडले. लिहायचं थांबले, फळ्याकडे पाहिलं, खाली पाहिलं, पुन्हा फळ्याकडे पाहिलं. मॅडमचं लक्ष पुढच्या मुलींकडे होतं. सरांनी हाक मारली नाही, खाकरले नाहीत. हात वर केला. त्यांच्या आधी दोन मुलींचे हात वर होते, म्हणून ते तसेच हात वर धरून, आपली पाळी येण्याची वाट बघत बसले.

मी खिडकीतून बाजूला झाले आणि लग्नघराकडे निघाले.